परदेशी जाताना ई-सिम : आधी पत्ता, मग मजकूर

परदेशी जायचं ठरलं की सल्ले देणाऱ्यांना तोटा नसतो. व्हिसाचे कागद, प्रवास विमा, थंडीचे कपडे, लाडवांचा डबा हातातल्या बॅगेत ठेवायचा की मोठ्या, या सगळ्यांवर आपल्या माणसांची मतं तयार असतात. अलीकडे त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे : "फोनचं काय करणार?"

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं रायपूरहून २२ दिवसांसाठी लेकीकडे, जर्मनीतल्या श्टुटगार्टला गेलो. निघण्याआधीच्या महिन्यात या एका प्रश्नावर मी इतकं ऐकलं की शेवटी वही काढून लिहायला बसले. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एक ओळखीच्या म्हणाल्या, "विमानतळावर उतरलं की तिथलंच सिम घ्यायचं, तेच स्वस्त." शेजारचे काका म्हणाले, "आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक टाका, डोक्याला ताप नको." भाच्याचं मत, "मामी, आता सगळे ई-सिमच घेतात." आणि मोबाइलच्या दुकानातल्या मुलानं एका वाक्यात निकाल लावला, "आंटी, अनलिमिटेड ले लो, टेन्शन ही खतम!"

सगळे आपापल्या जागी बरोबर होते. पण तिथे गेल्यावर आम्हाला कुणाशी बोलायचं आहे आणि कुणाला आमच्याशी, हे कुणीच विचारलं नाही. प्लॅनची निवड खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवी. रुपये आणि जीबी नंतर.

ई-सिम म्हणजे काय

आपलं सिमकार्ड म्हणजे एक छोटी चिप. "हा ग्राहक अमुक कंपनीचा, याला जोडून द्या" ही ओळख तिच्यात साठवलेली असते. ई-सिममध्ये ही चिप फोनच्या आत कायमची बसवलेली असते आणि ओळख तेवढी इंटरनेटवरून उतरवून घेता येते. विकत घेतल्यावर एक क्यूआर कोड मिळतो, तो स्कॅन केला की नवी लाइन फोनमध्ये येते. कार्ड काढणं नाही, पिनेनं कप्पा उघडणं नाही, आणि विमानात जुनं सिम पाकिटातून सांडून हरवण्याची भीती नाही.

प्रवाशाला सर्वांत मोठा फायदा हा की आपलं भारतातलं सिम आपल्या जागी तसंच राहतं. एकाच फोनमध्ये घरचा नंबरही चालू आणि परदेशातला डेटाही चालू.

मात्र प्रत्येक फोनमध्ये ही सोय नसते. गूगलच्या पिक्सेल २ मध्ये ती २०१७ साली आली, ॲपलच्या आयफोनमध्ये २०१८ साली. स्वस्त आणि जुन्या फोनमध्ये बहुतेकदा नसतेच. तपासायचं सोपं आहे : फोनवर *#०६# दाबायचं. आयएमईआय क्रमांकांबरोबर ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे असं समजायचं.

नातेवाइकांनी बाहेरून आणलेल्या फोनबाबत थोडं जास्त सावध राहावं. चीनच्या मुख्य भूमीवर विकल्या गेलेल्या बऱ्याच आयफोनमध्ये दोन्ही कप्पे साध्या सिमचे असतात, ई-सिम नसतं. उलट अमेरिकेत २०२२ पासून, म्हणजे आयफोन १४ पासून, विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा कप्पाच नाही, त्यामुळे भारतातला नंबरही ई-सिम करूनच घालावा लागतो. आणि कुठल्याही देशातून आणलेला फोन तिथल्या एखाद्या कंपनीशी 'लॉक' केलेला असेल, तर त्यात दुसऱ्या कंपनीचं ई-सिम चालणार नाही.

माझ्या फोनवर ईआयडी दिसला. ह्यांचा फोन जुना, त्यावर दिसला नाही. म्हणजे ई-सिम घेतलं तरी ते एकाच फोनवर चालणार होतं. सुरुवातीला ही अडचण वाटली. पुढे त्यातूनच मार्ग निघाला.

अण्णांचं दोन नंबरचं बटण

माझे सासरे, अण्णा, ८६ वर्षांचे आहेत. तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरात राहतात. सोबतीला दिवसरात्र एक मावशी असतात. अण्णांकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यात दोन नंबरचं बटण दाबून धरलं की ह्यांना फोन लागतो, तीन नंबरचं धरलं की शेजारच्या काकांना. व्हॉट्सॲप त्यांना माहीत आहे, पण ते त्यांचं नाही. "चेहरा दिसला की मला बोलायचं सुचत नाही," म्हणतात.

आता प्रवाशांसाठी विकली जाणारी बहुतेक ई-सिम फक्त डेटाची असतात. त्यांना फोन नंबरच नसतो. नकाशा चालेल, व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालेल, व्हिडिओ कॉल होईल. पण अण्णांनी दोन नंबरचं बटण दाबलं, तर त्या ई-सिमचा काडीचाही उपयोग नाही. तो कॉल जातो भारतातल्या नंबरावर, आणि तो नंबर तिथे जिवंत असला तरच वाजतो.

गंमत म्हणजे ही गोष्ट सर्वांत आधी अण्णांच्याच लक्षात आली. अण्णांची उभी नोकरी तार खात्यात गेली. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्याच्या कितीतरी आधी ते निवृत्त झाले होते. मी वहीत जीबी आणि दिवसांची कोष्टकं मांडत बसले होते, तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, तार करायला लोक यायचे ना, ते आधी शब्द मोजायचे. एक शब्द गाळला तर किती पैसे वाचतील, हेच डोक्यात. मी म्हणायचो, आधी पत्ता नीट लिहा. पत्ता चुकला तर मजकूर कितीही स्वस्तात बसवा, पोचणार कुणाला?"

मी वहीचं पान उलटलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं : अण्णा, साधा फोन, दोन नंबर.

त्याखाली बाकीची नावं आली. सोबतीच्या मावशी : व्हॉट्सॲप आहे, पण रिचार्ज संपला की नेट बंद. बँक : ओटीपी भारतातल्या नंबरावरच येणार. गॅस एजन्सी : सिलिंडर दारात आलं की नोंदवलेल्या मोबाइलवर कोड येतो, तो सांगितल्याशिवाय सिलिंडर मिळत नाही, आणि नोंदवलेला मोबाइल ह्यांचा. लेक : व्हॉट्सॲप. आम्ही दोघं एकमेकांशी : रेल्वे स्टेशनवर चुकामूक झाली तर?

यादी पाहिल्यावर दोन वेगळी कामं डोळ्यांसमोर आली. एक, भारतातला नंबर जिवंत ठेवणं. दोन, तिथे पुरेसा डेटा मिळवणं. दोन्ही कामं एकाच प्लॅननं करायला गेलं तर एक तर खूप महाग पडतं, नाहीतर एक काम अर्धवट राहतं. आमच्याकडे दोन फोन होते, म्हणून कामं वाटून दिली. ह्यांच्या फोनवर भारतातल्याच कंपनीचा, येणारे कॉल समाविष्ट असलेला रोमिंग पॅक. माझ्या फोनवर डेटाचं प्रीपेड ई-सिम.

माझंही भारतातलं सिम मी बंद केलं नाही. त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घेतलं, पॅक मात्र टाकला नाही. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत, त्यामुळे माझ्या बँकेचे ओटीपी येणार होते. पण पॅकशिवाय आलेला कॉल उचलला तर मिनिटाला भरभक्कम दर लागतो. म्हणून नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलं, "मला फक्त व्हॉट्सॲपवर फोन करा, साधा केलात तर मी उचलणार नाही, राग मानू नका."

आणखी एक निर्णय इथेच घेतला. निघण्याआधी भारतातला नंबर ई-सिममध्ये बदलून घ्या, असं एकानं सुचवलं होतं. आम्ही ते केलं नाही. परदेशात फोन पडून फुटला, तर साधं कार्ड काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घालता येतं. भारतातला नंबर ई-सिमवर असेल आणि फोनच बंद पडला, तर तो परत मिळवायला कंपनीशी बोलावं लागतं, आणि त्यासाठी पुन्हा ओटीपी. शिवाय "तुमचं सिम ई-सिम करून देतो, लिंक दाबा" असे फोन करून लोकांचे नंबर पळवणाऱ्या टोळ्याही आहेत. नंबर एकदा त्यांच्या फोनमध्ये गेला की ओटीपीही त्यांच्याकडेच जातात. असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा.

किती डेटा पुरतो

हा प्रश्न सगळे दुसऱ्यांना विचारतात. खरं उत्तर आपल्याच फोनमध्ये असतं.

मी एक आठवडा प्रयोग केला. फोनच्या सेटिंगमधला मोबाइल डेटाचा आकडा शून्यावर आणला आणि रायपुरात बाहेर पडताना परदेशात असल्यासारखी वागले. नकाशा लावून गेले, फोटो पाठवले, पाट्यांचं भाषांतर करून पाहिलं, अधूनमधून बातम्या वाचल्या. दिवसाला साधारण २५० एमबी लागले. अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलला आणखी २०० एमबीच्या आसपास. भाच्याला माझ्याच फोनवर अर्धा तास रील पाहायला दिले, तर त्यानं माझ्या पूर्ण दिवसापेक्षा जास्त डेटा संपवला!

लेकीच्या घरी वायफाय होतंच. म्हणजे ई-सिमचा उपयोग फक्त बाहेर असताना. २२ दिवसांना रोज २५० एमबी धरले तर साडेपाच जीबी. बाहेरून होणारे काही व्हिडिओ कॉल आणि ह्यांच्या फोनला अधूनमधून द्यावा लागणारा हॉटस्पॉट धरून मी १० जीबी आणि ३० दिवसांचा प्लॅन निवडला.

अनलिमिटेड का नाही घेतला? एक तर तो आमच्या गरजेपेक्षा महाग होता. दुसरं, या शब्दाखाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं असतं. पुष्कळ अनलिमिटेड प्लॅनमध्ये रोजची एक मर्यादा ओलांडली की वेग इतका कमी होतो की निरोप जातो, पण नकाशा उघडत नाही. काहींत हॉटस्पॉट चालत नाही, किंवा थोडाच चालतो. आमच्याकडे एकाच फोनवर ई-सिम असल्यामुळे ही अट महत्त्वाची होती. ज्यांना हॉटेलात राहून रोज ऑफिसचं काम करायचं आहे, त्यांना अनलिमिटेड सोयीचं पडेलही. आम्हाला पडलं नसतं.

डेटा वाचवायचे दोन उपाय फुकटचे आहेत. जायचं त्या शहराचा नकाशा आणि भाषांतराची भाषा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवायची. आणि फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप आणि ॲपचे अपडेट फक्त वायफायवर होतील असं सेटिंग करायचं. न सांगता सर्वांत जास्त डेटा खाणारी हीच दोन खाती.

युरोप म्हणजे कुठला युरोप

दुकानांच्या यादीत 'जर्मनी' असे प्लॅन होते आणि 'युरोप' असेही. एकाच देशाचा प्लॅन थोडा स्वस्त दिसतो. पण लेकीनं आम्हाला बोडनझे या सरोवराकाठी न्यायचं ठरवलं होतं. त्या सरोवराला जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया असे तीन देश लागतात. काठावर उभं राहिलं की फोन समोरच्या किनाऱ्यावरचं नेटवर्कही पकडू शकतो, आपण बोटीत पाय ठेवला नसला तरी.

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून तिथल्या ग्राहकांना एका देशाचं सिम दुसऱ्या देशात वेगळ्या रोमिंग आकाराशिवाय वापरता येतं. त्यामुळे युरोपचा प्लॅन म्हणजे सगळा युरोप, असा समज होतो. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही, ब्रिटन आता नाही, तुर्कस्तानही नाही. काही युरोप प्लॅनमध्ये हे देश असतात, काहींत नसतात. म्हणून नाव न वाचता देशांची पूर्ण यादी वाचायची. आमच्या प्लॅनच्या यादीत स्वित्झर्लंड आहे हे पाहूनच मी पैसे भरले. सिंगापूर-मलेशिया-थायलंडला एका फेरीत जाणाऱ्यांनाही हाच नियम.

तिथे उतरून स्थानिक सिम का घेतलं नाही? जर्मनीत जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळखपत्र पडताळणी सक्तीची आहे. पासपोर्ट दाखवून ते मिळतं, पण रात्रभराच्या प्रवासानंतर फ्रँकफुर्टच्या विमानतळावर सामान सांभाळत दुकान शोधायचं, की तडक श्टुटगार्टची गाडी पकडायची? आम्हाला उतरल्या उतरल्या फलाट क्रमांक आणि लेकीचा निरोप हवा होता. महिनोन्‌महिने राहायला जाणाऱ्यांना मात्र स्थानिक सिमच बरं, कारण त्यांना तिथला नंबर लागतो.

कुणाकडून घ्यायचं

हा भाग लोक घाईत उरकतात. जानेवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाच्या सांगण्यावरून एअरालो आणि होलाफ्लाय या दोन प्रसिद्ध ई-सिम विक्रेत्यांची ॲप्स ॲपल आणि गूगलच्या भारतातल्या दुकानांतून काढली गेली. परदेशी सिम भारतात विकायला सरकारचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, ते नसल्याचं कारण होतं. विक्रेत्यानं ग्राहकाच्या पासपोर्टची प्रत घ्यावी, हाही या व्यवस्थेचा भाग आहे. परदेशी नंबर फसवणुकीसाठी वापरले जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू.

म्हणून विक्रेत्यानं पासपोर्ट मागितला की बिचकू नये. उलट पासपोर्ट न विचारता, कुठल्यातरी ग्रुपवर आलेल्या लिंकवरून निम्म्या किमतीत ई-सिम देणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा. भारतातल्या मोबाइल कंपन्या आणि परवानगी असलेले विक्रेते दोन्ही पर्याय देतात, तिथे भाव तुलना करून पाहाव्यात.

पैसे डॉलरमध्ये कापले जाणार असतील तर कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बसतो, तो किमतीत धरावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावे लागतात. प्रवासासाठी ते तसेही लागतातच.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. मुदत कधीपासून मोजणार : घेतल्यापासून, फोनमध्ये घातल्यापासून, की परदेशातल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून? डेटा संपला तर त्याच ई-सिमवर रिचार्ज होईल का? आणि हॉटस्पॉट चालेल का? आमच्या प्लॅनची मुदत तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून सुरू होणार होती, त्यामुळे ई-सिम घरूनच घालून ठेवता आलं.

घरच्या वायफायवरची तयारी

रायपूरहून परदेशी जायचं म्हणजे आधी माना विमानतळावरून दिल्ली-मुंबई गाठायची आणि पुढचं विमान पकडायचं. मधल्या धावपळीत ई-सिम घालण्याचे उद्योग नकोत. ते उतरवायला चालू इंटरनेट लागतं, म्हणून दोन दिवस आधी घरच्या वायफायवर बसून आम्ही ते काम केलं.

क्यूआर कोड ज्या फोनवर आला तोच फोन तो स्कॅन कसा करणार? म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याचा कागद काढून आणला. तो कागद पासपोर्टच्या पाकिटात गेला, पण तो पुन्हा वापरता येईल या भरवशावर नाही. बहुतेक क्यूआर एकदाच चालतात. म्हणून आत गेलेलं ई-सिम 'नीट चालत नाही' असं वाटून घाईघाईनं डिलीट करायचं नाही. आधी फोन बंद करून चालू करायचा, मग विक्रेत्याशी बोलायचं.

सेटिंगमध्ये दोन्ही लाइनना नावं दिली, 'घर' आणि 'जर्मनी'. मोबाइल डेटासाठी 'जर्मनी' निवडलं. 'घर'चं डेटा रोमिंग बंद, 'जर्मनी'चं चालू. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ई-सिमचं रोमिंग कशाला चालू करायचं? तर प्रवासी ई-सिम पुष्कळदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं. जर्मनीत तेही आपल्यासारखं पाहुणंच असतं. रोमिंग बंद ठेवलं तर टॉवर दिसतो, नेट येत नाही. एका लाइनचा डेटा कमी पडला की फोननं आपणहून दुसरी लाइन वापरावी, असंही एक सेटिंग असतं. ते आठवणीनं बंद केलं, नाहीतर 'घर'च्या नंबरावर नको तेवढं बिल चढतं.

२ वाजून ४० मिनिटांचा फोन

पहिला आठवडा सगळं सुरळीत होतं. माझ्या ई-सिमवर नकाशे, गाड्यांची वेळापत्रकं, दुकानातल्या पुड्यांवर अंडं आहे की नाही हे बघणारं भाषांतर. एका दुपारी ह्यांच्या फोनवर गॅसचा कोड आला, आम्ही बागेत बसलेलो, आणि तात्यापाऱ्यात सिलिंडर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो आकडा मावशींमार्फत पोचला. लेक हसून लोटपोट झाली.

मग एका रात्री ह्यांचा फोन वाजला. घड्याळात २ वाजून ४० मिनिटं. मे महिन्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे रायपुरात सकाळचे ६ वाजून १० मिनिटं. पलीकडे मावशी होत्या, अण्णांच्याच फोनवरून. त्यांचा स्वतःचा रिचार्ज संपलेला होता. त्यांनी दोन नंबरचं बटण दाबून धरलं होतं. अण्णा उठत नव्हते, काहीतरी असंबद्ध बोलत होते, अंगात त्राण नव्हतं.

तो कॉल चार मिनिटांचा होता. त्यात शेजारच्या काकांना उठवायचं ठरलं, गाडी ठरली, दवाखाना ठरला. इकडे मी व्हॉट्सॲपवर डॉक्टर असलेल्या पुतणीला उठवलं. तासाभरात रुग्णालयात पैसे भरायची वेळ आली, तेव्हा ह्यांनी बँकेच्या संकेतस्थळावरून रक्कम पाठवली, आणि ओटीपी त्याच नंबरावर, त्याच मिनिटाला आला.

उन्हाळ्यानं अण्णांच्या शरीरातलं सोडियम खूप उतरलं होतं. रायपूरचा मे म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. वेळेवर नेल्यामुळे तिसऱ्या दिवशी ते घरी आले. आम्ही परतीची तिकिटं अलीकडे आणायला निघालो होतो, तर फोनवर म्हणाले, "आता कशाला येता? मी दोन नंबर दाबला की तुम्ही असताच की."

त्या रात्री माझ्या फोनवर उत्तम वेगाचा डेटा होता. पण डेटानं पुढची कामं केली. पहिली हाक पोचवली ती बटणांच्या फोनवरून आलेल्या साध्या कॉलनं. नुसतं ई-सिम घेऊन आणि ह्यांचं सिम बंद ठेवून गेलो असतो, तर सकाळी उठेपर्यंत आम्हाला काही कळलं नसतं.

परतल्यावर आणि पुढच्यांसाठी

परत आलो तेव्हा १० जीबीपैकी साधारण ३ जीबी शिल्लक होते. त्याचं वाईट वाटलं नाही. मुदत संपल्यावर ई-सिम काढून टाकलं, दोन्ही नंबरांचं रोमिंग बंद केलं, कार्डावरचे परदेशी व्यवहारही बंद केले. कामं पाच मिनिटांची, पण राहून जातात.

आता कुणी विचारलं, "कुठलं ई-सिम घेऊ?" तर मी कंपनीचं नाव सांगत नाही. भाव आणि प्लॅन दर महिन्याला बदलतात. त्याऐवजी प्रश्न कुठल्या क्रमानं विचारायचे ते सांगते. घरी कोण राहणार आहे आणि ते कुठल्या फोनवरून हाक मारतील? भारतातल्या कुठल्या नंबरावर बँकेचे आणि घरचे कोड येतात? फोनमध्ये ई-सिमची सोय आहे का? कुठकुठल्या देशांत पाय पडणार, वाटेवरचे धरून? किती दिवस? आपल्याच मोजणीनं रोज किती डेटा? एवढी उत्तरं लिहून झाली की प्लॅनच्या लांबलचक यादीतले दोन-तीनच उरतात. मग स्वस्त असेल तो घ्यावा.

आणि पोचल्यावर पहिल्याच दिवशी एक चाचणी करावी. विमानतळावरचा फोटो पाठवून "पोचलो" म्हटल्यानं फक्त आपला डेटा चालतो एवढंच सिद्ध होतं. घरी असलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावं, "आता तुम्ही मला फोन लावा." त्यांनी त्यांच्या फोनवरून, त्यांच्या सवयीचं बटण दाबावं, आणि आपला फोन वाजावा. वाजला की निर्धास्तपणे फिरायला निघावं. नाही वाजला, तर पॅक चालू झाला आहे का, सिम नेटवर्कवर आहे का, हे त्याच दिवशी पाहून घ्यावं. सगळी दुकानं उघडी असतात तोवरच.